पाचगणीचा फारोख, जगाचा फ्रेडी

बोरघाट चढणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने जोडली जातात. रस्त्याने जाणारे खालापूर ओलांडून घाटाला लागतात. मुंबईहून पुण्यामार्गे पाचगणीच्या निवासी शाळांत जाणाऱ्या मुलांच्या कित्येक पिढ्यांच्या ओळखीची ही वाट. त्यांपैकी सेंट पीटर्स शाळेत १९५५ मध्ये झांजीबारचा आठ वर्षांचा एक पारशी मुलगा दाखल झाला. फारोख बुलसारा त्याचे नाव. 'क्वीन' या रॉक बँडचा जगद्विख्यात गायक फ्रेडी मर्क्युरी तो हाच.

त्याची कहाणी सांगताना पाचगणीची वर्षे सहसा दोन ओळींत आटोपली जातात. ते योग्य नव्हे. पियानोचे रीतसर शिक्षण त्याला येथेच मिळाले आणि 'फ्रेडी' हे नावही शाळासोबत्यांनीच रूढ केले. पुढे शाळेतील पाच मुलांनी 'द हेक्टिक्स' हा बँड काढला. एल्विस प्रेस्ली, लिटल रिचर्ड यांचे रॉक अँड रोल ही मुले शाळेच्या कार्यक्रमांत सादर करीत. गंमत म्हणजे त्यात मुख्य गायक दुसराच होता; फ्रेडी पियानोवर असे!

१९६४ च्या झांजीबारमधील क्रांतीनंतर बुलसारा कुटुंब इंग्लंडला गेले. १९७० मध्ये 'क्वीन'ची स्थापना झाली. १९७५ च्या 'बोहेमियन ऱ्हाप्सडी'ने ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे अग्रस्थान राखले. भारतातील बालपणाविषयी मात्र फ्रेडी क्वचितच बोलला. आजारही त्याने असाच झाकून ठेवला. एड्स झाल्याचे २३ नोव्हेंबर १९९१ रोजी जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी, वयाच्या ४५ व्या वर्षी, लंडनमध्ये त्याचे निधन झाले. अंत्यविधी जरथोस्ती धर्मगुरूंनी केले.