निकाहचे जेवण, परतीची गाडी आणि कैलूला

लग्नसराईत आम्ही वाशिम जिल्ह्यातले लोक दुपारी निकाहचे जेवण आटोपतो आणि कारंजा किंवा शेलूबाजारला समृद्धी महामार्गावर गाडी चढवतो. रस्ता सरळ, ना सिग्नल ना चौक. डोळ्यांना काम उरत नाही. त्यात दुपारी एक ते तीन ही वेळच अशी, की कमी जेवलेल्या माणसालाही झापड येते. शरीराच्या घड्याळातच तेव्हा उतार असतो. वर बिर्याणी आणि जर्दा झाला असेल तर विचारायलाच नको!

ताशी 120 च्या वेगाने गाडी सेकंदाला 33 मीटर जाते. तीन सेकंद डोळा लागला, की 100 मीटर ती कुणाच्याच हातात नसते.

काच खाली करणे, मोठ्याने नात लावणे, सुपारी चघळणे, हे सगळे घटकाभराचे. चहाचा असर व्हायलाही वीस-तीस मिनिटे लागतात. म्हणून चहा पिऊन लगेच वीस मिनिटे आडवे व्हावे. अर्ध्या तासाहून जास्त झोपले तर उलट अंग जड होते.

सहाबा जुम्याच्या नमाजनंतर जेवत आणि कैलूला करीत, अशी सहल बिन साद (रजि.) यांची रिवायत सहीह बुखारीत आहे. आपल्याकडे मात्र दुपारी पडणाऱ्याला आळशी म्हणतात. आम्हाला ते पटत नाही.

दावत देणाऱ्यांनी गाडी चालवणाऱ्यासाठी आतल्या खोलीत चटई टाकावी. बाकीच्यांनी तेवढा वेळ 'चला, उशीर होतोय' म्हणू नये.