चाऱ्याची पारख : गवत वाळविण्याची व निवडण्याची रीत

दुष्काळांत गुरें वांचविण्यासाठीं उदार गृहस्थ जें द्रव्य देतात, त्याचा मोठा भाग चाऱ्यावर खर्च होतो. चारा तोलावर विकत मिळतो. परंतु गुराच्या अंगीं लागतो तो त्यांतील कस, तोल नव्हे. 2012-13 व 2018-19 या वर्षीं माण, आष्टी यांसारख्या तालुक्यांत गुरांच्या छावण्या उघडाव्या लागल्या. अशा प्रसंगीं निकृष्ट माल घेतला तर दात्याचा पैसा जातो आणि गुरही जातें. व ज्याचें शेत बैलावर चालतें, त्या शेतकऱ्याची पेरणी पुढें पाऊस पडूनही राहते. म्हणून चांगला चारा कसा तयार होतो व कसा ओळखावा, हें येथें थोडक्यांत सांगत आहों.

आपल्या माळांवरील मारवेल व पवना हीं गवतें उत्तम होत. गवत फुलोऱ्यावर आलें म्हणजे तें कापण्याची योग्य वेळ झाली असें समजावें. बीं पिकून गळल्यावर काडी टणक होते, कस उतरतो व गुरें तें नाखुषीनें खातात. दिवाळीनंतर पिवळें पडलेलें गवत कापण्याचा प्रघात पुष्कळ ठिकाणीं आहे. त्याचें कारण असें कीं, फुलोऱ्याच्या वेळीं पावसाची भीति असते. तथापि चार दिवसांची उघडीप मिळतांच कापणीस लागावें, यांतच हित आहे. कुसळी गवत तर कुसळें कडक होण्यापूर्वींच कापलें पाहिजे. एरव्हीं तीं गुरांच्या तोंडांत रुततात.

कापलेलें गवत पातळ पसरावें, एकदोनदां उलटावें व अर्धवट वाळल्यावर लहान ढीग करून उरलेलें वाळूं द्यावें. फार दिवस उन्हांत ठेविल्यास हिरवा रंग व त्याबरोबर जीवनसत्त्वें जातात, पानें झडतात. आणि कस मुख्यतः पानांतच असतो. लसूणघासाची पानें विशेष लवकर झडत असल्यानें तो सकाळच्या दंवांत उलटावा.

हिरव्या गवताच्या 100 किलोंत सुमारें 75 किलो पाणी असतें. तें गवत ठेवण्याजोगें वाळलें म्हणजे पाण्याचा अंश शेंकडा 15 इतका उरतो व वजन जेमतेम 30 किलो भरतें. शेंकडा 30 पाणी असलेला ओलसर माल घेणारा दर टनामागें 150 किलो जास्त पाणी विकत घेतो, आणि तो माल बुरसतो तें निराळेंच.

गंज दगडांच्या किंवा लांकडांच्या बैठकीवर रचावी व वरून शाकारावी. ओलें गवत रचल्यास गंज आंतून तापते व कधीं कधीं पेटही घेते. लोखंडी सळई गंजींत खोल खुपसून कांहीं वेळानें काढावी. ती हातास चटका देऊं लागली तर गंज सावधपणें उकलावी.

खरेदी करतांना वरची पेंढी पाहून समाधान मानूं नये. मधली उपसून पाहावी. रंग हिरवट, पानें भरपूर, काडी बारीक व वास गोड असावा. झटकतांच पांढरी धूळ उडाली किंवा कुबट वास आला तर तो माल बुरशीचा समजून परत करावा. कडबाही पानांचा व बारीक धाटांचा घ्यावा. पावसांत भिजून काळा पडलेला घेऊं नये. कुट्टी करून घातल्यास नासाडी कमी होते.

दोन गोष्टींविषयीं विशेष सावधगिरी ठेवावी. पाण्याच्या ताणानें खुरटलेल्या कोवळ्या ज्वारींत विष असतें. ती हिरवी चारूं नये. तसेंच पुष्कळ दिवस उपाशी असलेल्या गुरास एकदम पोटभर चारा न घालतां थोडा थोडा वाढवीत जावा, व पाणी वेळच्या वेळीं पाजावें.

सुमारें 300 किलो वजनाच्या गुरास जगण्यापुरता रोज 7 किलो उत्तम वाळका चारा लागतो. ह्या हिशेबानें एक टन चारा एका गुरास 140 दिवस पुरेल. म्हणजे माघापासून आषाढापर्यंतचा कठीण काळ निभावेल. ज्यांस द्रव्य देणें शक्य नाहीं, त्यांनीं आपल्या बांधावरचें व माळावरचें गवत वेळीं कापून, नीट वाळवून दिलें तरी तें दान थोर आहे. दुष्काळ उन्हाळ्यांत दिसतो, पण त्याचा चारा आश्विनांतच राखावा लागतो, हें सर्वांनीं ध्यानीं ठेवावें, अशी सविनय प्रार्थना आहे.