निर्माता कोणास म्हणावे?

‘बदली’ हा शब्द घ्या. सरकारी कचेरीत बदली झाली म्हणजे माणूस दुसऱ्या गावी गेला. मुंबईच्या गिरणीत मात्र बदली म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी तेवढ्यापुरता उभा राहणारा माणूस. अर्थ न विचारता दोन्हीकडचे हजेरीपट एकत्र केले, तर बदलीवाल्याचा हक्क कागदावरच बुडायचा.

संग्रहालयांच्या नोंदींचेही असेच आहे. एकाची यादी दुसऱ्याच्या यंत्राला वाचता यावी म्हणून १९९५ साली डब्लिन येथे (अमेरिकेतील ओहायो राज्यातले गाव, आयर्लंडची राजधानी नव्हे) जाणकार जमले. त्या उद्योगातून शीर्षक, निर्माता, सहयोगी, संबंध असे पंधरा सामाईक शब्द ठरले. पुढे त्यांत भर पडली. हे शब्द मुद्दामच ढोबळ आहेत. ज्याने त्याने ते आपल्या कामाला बेतून घ्यावयाचे.

पिंगुळीच्या ठाकरांची चित्रकथीची पोथी नोंदवायला बसा, म्हणजे हे बेतणे काय ते कळते. ही पोथी म्हणजे एका आख्यानाच्या सुट्या चित्रांचा गठ्ठा. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली. कथेकरी गात गात एकेक पान पुढे करतो. मग वस्तू कोणती, पान की पोथी? आम्ही म्हणतो, दोन्ही. पानाची नोंद वेगळी करावी आणि ‘संबंध’ या शब्दाचा ‘कशाचा भाग’ हा पोटशब्द आहे, त्याखाली पोथी लिहावी. पानाच्या क्रमाला त्या पंधरांत शब्द नाही. तो आपण करावा, आणि आपला म्हणून उघड सांगावा. क्रम हरवला की आख्यान गेले. भिंतीवर टांगायला चित्र तेवढे उरते.

खरी अडचण ‘निर्माता’ची. सही नसलेल्या चित्रापुढे ‘अज्ञात’ लिहून मोकळे होतात. श्रम करणारा कागदावर नेहमी असाच अज्ञात! म्हणून तेथे कथेकऱ्याचे नाव घालण्याचा मोह होतो. तेही चूकच. सामाईक शब्दाचा अर्थ आपल्यापुरता आवळता येतो, फिरवता येत नाही. फिरवला तर दुसऱ्या शहरातल्या यादीत गाणारा चित्रकार होऊन बसेल. कथेकरी हा ‘सहयोगी’चा पोटशब्द करावा. पोथी ज्या घराने सांभाळली ते घर ‘ताब्याचा इतिहास’ या वाढीव शब्दाखाली यावे. आणि चित्रकाराचे नाव नाहीच मिळाले, तर निर्मात्याच्या रकान्यात ‘पिंगुळीचे ठाकर चित्रकथी’ असे लिहावे.

परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांचे नाव शोधणाऱ्याला सापडेल. बाकीच्यांची नावे घरोघरच्या वडीलधाऱ्यांना विचारावी लागतील, आणि कोणी, केव्हा सांगितले तेही त्याच नोंदीत लिहावे लागेल.