साडेपाचशे सीसीचं खूळ

हेडर बसवला, फिल्टर बदलला, फ्री-फ्लो एक्झॉस्ट लावला, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "इंजेक्टर केवढे टाकू?" विचारणाऱ्याच्या खिशात उत्तरही तयार असतं. साडेपाचशे सीसी. कुठल्याशा टर्बो गाडीतून निघालेले, जुन्या बाजारात स्वस्तात मिळालेले. इंजिन दीड लिटरचं, टर्बो नाही, पुढे बसवायचा बेतही नाही. पण इंजेक्टर साडेपाचशेचेच हवेत. का, म्हणून विचारलं तर एकच वाक्य ऐकायला मिळतं: "दादा, जास्त पेट्रोल, जास्त पॉवर!"

हे वाक्य ऐकून ऐकून कान किटले आहेत. वाद घालण्यापेक्षा हिशेबच मांडतो.

या समजुतीचं मूळ कार्ब्युरेटरच्या जमान्यात आहे. आरएक्स-१००ला एक्स्पान्शन चेंबर आणि मोकळा फिल्टर लावला की मेन जेट मोठा टाकावा लागे, आणि मग गाडी खरोखर सुटायची. श्रेय मात्र सगळं जेटनं खाल्लं. पॉवर वाढली होती ती इंजिनानं जास्त हवा ओढली म्हणून. त्या वाढीव हवेला पुरेल इतकं पेट्रोल देणं, एवढंच जेटचं काम होतं. इंजेक्टरचंही काम तेवढंच आहे.

आता हवा किती, ते पाहू. टर्बो नसलेल्या इंजिनाला बाहेरच्या वातावरणाचा दाब जेवढी हवा आत ढकलेल तेवढीच मिळते. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा भरतं. म्हणजे ७,००० आरपीएमला दीड लिटरचं इंजिन मिनिटाला ३,५०० वेळा भरणार आणि अगदी काठोकाठ भरलं असं धरलं तरी ५,२५० लिटर हवा घेणार. पंचवीस अंशांना समुद्रसपाटीवर लिटरभर हवेचं वजन साधारण १.१८ ग्रॅम; म्हणजे ही झाली ६.२ किलो. फुल थ्रॉटलला चांगली पॉवर देणारं मिश्रण १२.८ भाग हवेला एक भाग पेट्रोल, याच्या आसपास असतं. त्या हिशेबानं मिनिटाला ४८४ ग्रॅम, म्हणजे साधारण ६५५ सीसी पेट्रोल लागेल. चार इंजेक्टरांत वाटलं तर प्रत्येकी १६४.

यावर ठरलेला आक्षेप येतो: "हे पुस्तकी झालं." ठीक आहे, दुसऱ्या टोकाकडून येऊ. आपल्याकडे मॉडिफिकेशनवाल्यांची लाडकी जुनी होंडा सिटी व्हीटेक घ्या. दीड लिटर, कंपनीचा आकडा १०६ बीएचपी. कॅम, हेडर, हेडचं पोर्टिंग आणि रीमॅप करून तिच्यातून १३० काढले असं समजू. टर्बोशिवाय हे चांगलंच काम म्हणायचं. जॉन हेवूड यांच्या इंजिनावरच्या पाठ्यपुस्तकात पेट्रोल इंजिनाचा सर्वांत काटकसरीचा आकडा किलोवॉट-तासाला २७० ग्रॅमच्या आसपास दिला आहे. फुल थ्रॉटलला मिश्रण रिच असतं, म्हणून ३०० च्या थोडं वर धरू. म्हणजे एका बीएचपीला तासाला २२७ ग्रॅम. १३० बीएचपीला झाले साडेएकोणतीस किलो, आणि एका इंजेक्टरच्या वाट्याला मिनिटाला १६६ सीसी.

एकदा हवेकडून निघालो, एकदा पॉवरकडून. फरक पडला दोन सीसींचा. इतकं तंतोतंत जुळण्यात थोडा नशिबाचाही भाग आहे, पण दहा-पंधरा सीसी इकडे-तिकडे झाले असते तरी निष्कर्ष बदलला नसता. इंजेक्टर सतत उघडा ठेवायचा नसतो, ८५ टक्के वेळच वापरायचा, म्हणून १६६ चे १९५ होतात. त्यात आता पंपावर मिळतं ई-२०. इथेनॉलला हवा कमी लागते, त्यामुळे तेवढ्याच हवेत इंधन शुद्ध पेट्रोलपेक्षा सात-आठ टक्के जास्त टाकावं लागतं. (ज्यांना ही सबब वाटते त्यांनी नीती आयोगाचा २०२१ चा इथेनॉल आराखडा पाहावा, जुन्या धाटणीच्या चारचाकींचं मायलेज ई-२० वर सहा-सात टक्के घटेल, असा अंदाज त्यातच दिला आहे.) तेही धरलं. २१० सीसी.

जुन्या होंडांच्या बऱ्याच इंजिनांत २४० सीसीचे इंजेक्टर कंपनीकडूनच येत. साध्या पेट्रोलवर असे चार इंजेक्टर १६० बीएचपीपर्यंत आरामात पुरतात. आणि हे कमी वाटत असेल तर होंडाचीच एस-२००० पाहा. दोन लिटर, टर्बो नाही, ९,००० पर्यंत फिरणारं इंजिन, जपानमध्ये २५० पीएस. तिला कंपनीनं दिलेले इंजेक्टर साडेतीनशे सीसीच्या आसपासचे. अडीचशे पीएसला जे पुरतं, ते १३० ला कमी कसं पडेल?

"जास्त असले तर काय बिघडलं? ट्यूनर सांभाळून घेईल," हा पुढचा पवित्रा. बिघडतं ते आयडलला. इंजेक्टरची सुई विजेचा इशारा मिळताक्षणी उघडत नाही. उघडण्यातच साधारण एक मिलिसेकंद जातो, आणि बॅटरीचं व्होल्टेज पडलं की आणखी जास्त. २४० सीसीचा इंजेक्टर आयडलला दीड मिलिसेकंद पेट्रोल सोडत असेल, तर ५५० सीसीच्या इंजेक्टरला तेवढंच काम ०.६५ मिलिसेकंदात उरकावं लागतं. इतक्या कमी वेळात तो दर वेळी सारखं माप देत नाही. मग सिग्नलला उभं असताना एसी लागतो, रेडिएटरचा फॅन फिरतो, व्होल्टेज खाली येतं आणि गाडी फुरफुरत बंद पडते. मागचे हॉर्न वाजवतात आणि मालक शिव्या घालतो ट्यूनरला.

रीमॅप न करता नुसतेच बसवले तर आणखी मजा. ऑक्सिजन सेन्सरच्या भरवशावर ईसीयू साधारण वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंतची चूक सावरतो. इथे पेट्रोल सव्वादोन पट. शिवाय फुल थ्रॉटलला मूळ ईसीयू त्या सेन्सरचं ऐकतच नाही, मॅपमध्ये लिहिलेला आकडा डोळे मिटून देतो. अशा गाडीचा प्लग काढून पाहा: टोकावर कोरडी काजळी, पुसली की बोटं काळी. ऑइलची डिपस्टिक ओढून नाकाशी धरा, पेट्रोलचा वास येईल. ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर आनंद मानू नका. न जळलेलं पेट्रोल बोअरवरचा ऑइलचा थर धुऊन सम्पमध्ये उतरलंय. वर हा गृहस्थ म्हणणार, "रिच म्हणजे सेफ." थोडं रिच, हो. एवढं रिच म्हणजे पॉवरही गेली, रिंगाही गेल्या आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही.

बाकीच्या समजुतींवर फार शाई खर्च करण्यात अर्थ नाही. बारा भोकांचा इंजेक्टर चार भोकांच्या इंजेक्टरपेक्षा जास्त पॉवर देतो, हे खरं नाही. त्याचा फवारा बारीक होतो, आयडल आणि धूर सुधारतो. इंजेक्टरवरचा सीसीचा आकडा अढळ नसतो, तो ठरावीक दाबावरचा असतो, बहुधा तीन बारवरचा. चार बारला तोच इंजेक्टर साडेपंधरा टक्के जास्त देतो, म्हणून विकणाऱ्याला आधी दाब विचारा. कनेक्टर बसला म्हणजे इंजेक्टर बसला असंही नाही. काहींचा रोध १२-१६ ओहम, काहींचा दोन-पाच. कमी रोधाचा थेट जोडला तर ईसीयूचा ड्रायव्हर जळू शकतो. अल्ट्रासॉनिक सफाईनं इंजेक्टर 'मोठा' होत नाही, कचऱ्यानं अडलेलं परत मिळतं, बस्स. डायनोवरचा आकडा चाकांवरचा असतो. गिअरबॉक्समध्ये गेलेली पॉवर त्यात मिळवल्याशिवाय तो सूत्रात घालू नका. टर्बोसाठीचे आकडे टर्बो नसलेल्या गाडीला लावू नका. टर्बोवाले दर बीएचपीला पेट्रोल बरंच जास्त धरतात, निम्म्या साडेपाचशेवाल्यांचा घोळ तिथेच होतो. आणि हा सगळा हिशेब पोर्ट इंजेक्शनचा आहे. डायरेक्ट इंजेक्शनचा दाब वेगळा, वेळ वेगळा, त्याला हे काही लागू नाही.

मग इंजेक्टर खरोखर कमी पडतायत हे कळायचं कसं? स्कॅनर लावा, मोकळ्या ट्रॅकवर किंवा डायनोवर फुल थ्रॉटलचा एक पुल करा आणि इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा होता ते लॉगमध्ये पाहा. १,२०,००० ला आरपीएमनं भागलं की एका चक्राला मिळणारा वेळ निघतो: ७,००० ला १७.१ मिलिसेकंद. त्याचे ८५ टक्के म्हणजे १४.६. लॉगमध्ये ११-१२ दिसत असतील तर इंजेक्टरला हात लावू नका, त्या पैशात वाइडबँड सेन्सर घ्या. १५ च्या वर जात असतील तर आधी फ्यूएल फिल्टर आणि पंपाचा दाब तपासा, कारण दाब पडला की इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो आणि बोल त्यालाच लागतो. तिथे सगळं ठीक निघालं तरच एक पायरी वरचा घ्या: २४० असेल तर ३०० च्या आसपासचा, आणि तोही ज्याची वेगवेगळ्या व्होल्टेजची उघडण्याची वेळ कागदावर मिळते असा. तो कागद नसेल तर ट्यूनर ती वेळ अंदाजानं भरणार, आणि गाडी पुन्हा सिग्नलला बंद पडणार.