फाळणी आपल्याही किनाऱ्यावर

ऐंशी वर्षांची एक बाई, अम्मा. नवरा गेल्यावर ती भिंतीकडे तोंड करून निजते, ती उठायलाच तयार नाही. मुलगा, सून, मुलगी, नातू आपापल्या परीने तिला उठवू पाहतात. ती सगळ्यांकडे पाठ करून पडून राहते. मग एके दिवशी ती उठते, घरातून नाहीशी होते, सापडते, मुलीकडे राहायला जाते आणि शेवटी मुलीला घेऊन वाघा ओलांडून पाकिस्तानात पोचते. गीतांजली श्री यांच्या २०१८ साली आलेल्या ‘रेत समाधि’ या हिंदी कादंबरीचा हा सांगाडा. डेझी रॉकवेल यांनी केलेल्या तिच्या इंग्रजी अनुवादाला २६ मे २०२२ रोजी आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला. भारतीय भाषेतल्या पुस्तकाला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. पन्नास हजार पौंडांची रक्कम लेखिका आणि अनुवादक यांच्यात निम्मी निम्मी वाटली गेली.

बक्षिसाची बातमी चार दिवसांत जुनी होते. कादंबरी मात्र पालघरच्या किनारपट्टीवर राहणाऱ्या माणसाने बक्षिसाखातर नव्हे, आपल्याच अंगणातली गोष्ट म्हणून वाचावी, असं मला मनापासून वाटतं.

कादंबरीचे तीन भाग आहेत: पीठ (म्हणजे पाठ), धूप (ऊन) आणि हद-सरहद. पहिल्या भागात अम्माची पाठ घराकडे असते. तिचं पहिलं आयुष्य, पहिलं नाव, पहिला नवरा अन्वर हे सगळं सीमेपलीकडे राहिलेलं आहे आणि पोटच्या पोरांना त्याचा पत्ताही नाही, हे आपल्याला फार उशिरा कळतं. मग सुरुवातीची ती पाठ नव्याने वाचावी लागते. ज्याला घरच्यांनी म्हातारपणाचा हट्ट म्हटलं, तो सत्तर वर्षांचा साठा होता. वाघा सीमेवरच्या प्रसंगात तर मंटो, भीष्म साहनी, कृष्णा सोबती, इंतिजार हुसैन अशी फाळणीवर लिहिणारी मंडळीच पात्रं होऊन हजर होतात. पलीकडे गेल्यावर अधिकारी पासपोर्ट-व्हिसा विचारतात आणि ही म्हातारी त्यांनाच सरहद्द कशी असावी ते ऐकवते. शेवटी गोळी लागते तेव्हा ती तोंडावर पडत नाही, पाठीवर पडते. पहिल्या पानापासून आलेली पाठ अशी मुक्कामाला पोचते.

एकाच इलाख्यातली दोन टोकं

‘फाळणी पंजाबची आणि बंगालची, आपला काय संबंध?’ हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. रेषा तिकडे ओढली गेली हे खरंच. सर सिरिल रॅडक्लिफ ही सीमा आखायला ८ जुलै १९४७ रोजी भारतात आले आणि १७ ऑगस्टला त्यांचा निवाडा जाहीर झाला. एवढ्या अवधीत कोट्यवधी लोकांचा देश ठरला. पण १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. म्हणजे कराची आणि आपल्या पालघर पट्ट्यातलं सालवड एकाच सरकारच्या अमलाखाली होती. नोकरीधंद्यासाठी मराठी माणसं कराचीला जात. तिथल्या १८५५ साली सुरू झालेल्या शाळेला आजही नारायण जगन्नाथ वैद्य यांचं नाव आहे. कोकणातले बेने इस्रायल तिथे स्थायिक झाले होते. त्यांच्यातल्या सॉलोमन डेव्हिड उमरडेकर यांनी १८९३ मध्ये बांधलेलं प्रार्थनामंदिर १९८८ साली पाडलं गेलं. काही मराठी कुटुंबं मात्र अजून कराचीत आहेत आणि गणपती बसवतात.

उलट दिशेनेही लोक आले. सिंधमधून आलेले निर्वासित कल्याणच्या लष्करी छावणीत उतरले. १९४९ साली त्या छावणीचं उल्हासनगर झालं. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ चा. त्याआधी सालवड आणि उल्हासनगर एकाच ठाणे जिल्ह्यात होती. भीष्म साहनी यांच्या ‘तमस’ कादंबरीची नाळही याच ठाणे जिल्ह्याशी जुळलेली आहे. १९७० साली भिवंडीत दंगल झाली. त्यानंतर साहनी तिथे गेले. जळालेल्या वस्त्यांतून फिरताना त्यांना १९४७ चं रावळपिंडी आठवलं आणि त्यांनी लिहायला घेतलं. फाळणीची एक थोर कादंबरी आपल्या तेव्हाच्या जिल्ह्यातल्या राखेतून उठली, हे आपल्या शाळांत सांगितलं गेलं पाहिजे.

पाण्यावरची रेघ

सालवड आता तारापूर औद्योगिक वसाहतीचं गाव. भोवती कारखाने, भाड्याच्या खोल्या, नाना प्रांतांतून आलेले कामगार. पश्चिमेला गेलं की नवापूर, आलेवाडी, मुरबे, सातपाटी ही मासेमारीची गावं लागतात. उत्तरेला डहाणू-तलासरीचे आदिवासी पाडे. पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठली की या पट्ट्यातले कितीतरी पुरुष खलाशी म्हणून गुजरातला जातात: ओखा, पोरबंदर, वेरावळ. बोट मालकाची, हुकूम तांडेलचा, मेहनत खलाशाची.

कच्छच्या टोकाला सर क्रीक नावाची ९६ किलोमीटर लांबीची खाडी आहे. रणाचा वाद १९६८ साली लवादाने मिटवला, पण ही खाडी त्या निवाड्याबाहेर राहिली. खाडीची हद्द ठरली नाही, म्हणून तिच्या पुढे समुद्रातली हद्दही ठरली नाही. पाण्यावर खांब नाहीत, तार नाही. मासा सिंधू नदीच्या मुखाकडच्या पाण्यात चांगला मिळतो, जाळं प्रवाहाबरोबर वाहतं, आणि पाकिस्तानची सागरी सुरक्षा यंत्रणा येऊन बोटीसकट माणसं घेऊन जाते. पुढचा मुक्काम कराचीचं मलीर कारागृह. आपल्याकडेही इब्राहिम हैदरी आणि ठट्ट्याच्या बाजूचे सिंधी मच्छीमार असेच पकडले जातात. नोव्हेंबर २०२१ मध्ये तर ओख्याच्या बाजूला ‘जलपरी’ बोटीवर झालेल्या गोळीबारात पालघर जिल्ह्यातल्या एका मच्छीमाराचा जीव गेला.

वास्तविक कायदा या माणसांच्या बाजूचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या करारातलं कलम ७३ सांगतं की, अनन्य आर्थिक क्षेत्रात मासेमारीचा नियम मोडला म्हणून, दोन देशांत तसा वेगळा करार नसेल तर, तुरुंगवासाची शिक्षा देता येत नाही. भारताने १९९५ साली आणि पाकिस्तानने १९९७ साली हा करार मंजूर केला. तरीही खलाशी वर्षानुवर्षं अडकून पडतात.

२१ मे २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारीला आणि १ जुलैला एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. यादीत नाव आलं की ओळख पटवायचं काम सुरू होतं. रेशनकार्ड दाखवा, आधार दाखवा, बापाचं नाव सांगा. पाड्यावरच्या म्हाताऱ्या आईला आपला पोरगा भारतीय आहे हे कागदाने सिद्ध करावं लागतं. तो वारली बोलतो, समुद्र ओळखतो, घरी बायको-पोरं वाट बघतात. पण सुटकेच्या बाजूने यातलं काहीच मोजलं जात नाही. घरात मात्र कमावता हात नसतो आणि बाई विधवाही नसते, सधवाही नसल्यासारखीच असते.

सुटका झाल्यावरची वाट तर नकाशा समोर ठेवूनच समजून घ्यावी. समुद्रात पकडलेला माणूस समुद्रातून परत येत नाही. कराचीहून त्याला रेल्वेने लाहोरला नेतात. या प्रवासात ईधी फाउंडेशन या पाकिस्तानी सेवाभावी संस्थेची माणसं मदत करतात. मग वाघा. चालत सीमा ओलांडून अटारी, अमृतसर, तिथून गुजरात आणि मग घर. डहाणूचा खलाशी, ज्याने पंजाब कधी पाहिला नाही, तो अम्मा ज्या फाटकातून गेली त्याच फाटकातून परत येतो. फाळणीशी आपला संबंध काय, याचं उत्तर ही वाट देते.

ही कादंबरी आपण लिहायची

यशपालांचं ‘झूठा सच’, इंतिजार हुसैन यांची ‘बस्ती’, ‘तमस’, ‘रेत समाधि’: दर पिढीने फाळणी नव्याने लिहिली, कारण दर पिढीला तिचं नवं टोक लागलं. आपल्या वाट्याला आलेलं टोक खाऱ्या पाण्यातलं आहे. यादी नाव आणि गाव सांगते; चार वर्षांनी परतलेल्या बापाला धाकटं पोर ओळखत नाही तेव्हा त्या घरात काय होतं, हे यादी सांगू शकत नाही. तिथे कादंबरीच लागते. आणि ती दिल्ली-लाहोरहून येणार नाही. मांगेली, वारली, वाडवळी कानावर पडत वाढलेल्या कोणाला तरी ती लिहावी लागेल.

त्याची तयारी आजच करता येईल. बोईसर-पालघरच्या ग्रंथालयांनी ‘तमस’ आणि ‘रेत समाधि’ मागवाव्यात, वाचनगटांत वाचाव्यात. महाविद्यालयांतल्या मुलामुलींनी परतलेल्या खलाशांकडे, मागे राहिलेल्या बायकांकडे जाऊन, त्यांची परवानगी घेऊन, त्यांचं म्हणणं त्यांच्याच बोलीत उतरवून ठेवावं. अम्माच्या घरात सत्तर वर्षं कोणी विचारलंच नाही, म्हणून कोणाला कळलं नाही. आपल्या पाड्यांवर सांगणारे अजून आहेत. विचारणाऱ्यांनी निघायला हवं.