एकटीचा प्रवास आणि पथ्य

मधुमेहाचे पथ्य असलेल्या वृद्ध स्त्रीने चेन्नई पाहावयास एकटीने जावे काय? अवश्य जावे, मात्र दिवसाची आखणी जेवणाच्या वेळांवरून करावी. मुक्काम वेलचेरीस असल्यास, २००७ साली तेथवर आलेल्या उन्नत रेल्वेने सकाळीच तिरुमयिलै स्थानक गाठावे व मैलापूरचे कपालीश्वर मंदिर पाहावे. दुपारी मंदिर बंद असते. तो वेळ भोजनाचा व विश्रांतीचा. घरी आपले पथ्य सर्व जाणतात. परगावी ते आपणच सांगावे लागते. तेथील कॉफी बहुधा गोडच येते. यास्तव ‘सर्करै वेंडाम’, म्हणजे ‘साखर नको’, हे दोन तमिळ शब्द पाठ असावेत. रक्तातील साखर एकाएकी उतरल्यास उपयोगी पडावी म्हणून थोडी साखर मात्र पिशवीत अवश्य असू द्यावी.