मेंढीला जुळी झाली, पण चाऱ्याचे काय?

दिवाळी झाली की पुण्याच्या आसपासच्या रस्त्यांवर मेंढ्यांचे कळप दिसू लागतात. पुढे मेंढपाळ, मागे बायकामुले, घोड्यांच्या पाठीवर बिऱ्हाड आणि त्या बिऱ्हाडातून डोके बाहेर काढून पाहणारी दोन-चार कोकरे. बारामती-फलटणकडच्या दुष्काळी भागातले कित्येक धनगर असे घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाळ्यापूर्वी परत फिरतात. एवढी पायपीट मुख्यतः चाऱ्यासाठी. वाटेत शेतकरी रात्री आपल्या रानात कळप बसवून घेतात आणि लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे देतात, ही जोडकमाई.

या कळपांतली मेंढी बहुधा दख्खनी जातीची असते. मोठी काटक, पण एका वेतात साधारणपणे एकच कोकरू देणारी. तिच्या जाड्याभरड्या लोकरीला आता फारसे मोल उरलेले नाही. घर चालते ते तीन-चार महिन्यांचे नर विकून. समजा, एका कुटुंबाकडे २० मेंढ्या आहेत, सगळ्या व्याल्या आणि सगळी कोकरे जगली. त्यांत नर सुमारे १०. माद्यांपैकी काही म्हाताऱ्या मेंढ्यांच्या जागी ठेवायच्या. विकायला किती उरली, ते तुम्हीच मोजा!

मग मेंढीला जुळी झाली तर? हा प्रश्न फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने हाती घेतला. बनबिहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेली ही संस्था. बंगालच्या सुंदरबनात गारोल नावाची ठेंगणी मेंढी असते. वजन जेमतेम १०-१५ किलो, पण जुळी-तिळी देण्यात पटाईत. १९९० च्या दशकात संस्थेने तिचा दख्खनीशी संकर सुरू केला. त्यातून पुढे ‘नारी सुवर्णा’ हा वाण तयार झाला.

गारोलच्या या गुणामागे ‘फेक-बी’ नावाचा जनुकातला एक बदल आहे. डीएनएच्या लांबलचक मजकुरातले एकच अक्षर बदललेले. पण त्यामुळे मेंढीच्या अंडाशयात एका वेळी जास्त अंडी पक्व होतात. २००१ मध्ये हा बदल सापडला तो मात्र बूरूला मेरिनो या ऑस्ट्रेलियन मेंढ्यांत! १७९२-९३ च्या सुमारास कलकत्त्याहून तिकडे बंगाली मेंढ्या गेल्या होत्या, त्यांचाच हा वारसा असावा.

आता अडचण अशी, की मेंढा काही वीत नाही. त्याच्या अंगी हा गुण आहे की नाही, हे वरून कसे ओळखायचे? येथे पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा मदतीला आली. रक्तातल्या डीएनएच्या तपासणीवरून जनुकाच्या दोन प्रतींपैकी किती बदललेल्या आहेत, ते कळते. दोन्ही बदललेल्या असलेला मेंढा साध्या दख्खनी मेंढीला दाखवला, तर प्रत्येक कोकराला बरोबर एक बदललेली प्रत मिळते. मेंडेलचा नियम तुम्ही शिकला आहातच. एक प्रत पुरे. दोन असल्या तर तिळ्यांचा संभव वाढतो आणि चरून पोट भरणाऱ्या मेंढीला तो भार झेपत नाही.

खरे तर जुळ्यांचा भारही सोपा नसतो. मेंढी सुमारे १५० दिवस गाभण असते आणि गर्भाची बहुतेक वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. त्या वेळी पोटातली जागा पिल्लांनीच व्यापलेली असते. वाळके गवत जागा फार घेते आणि सत्त्व थोडे देते. भूक भागली, तरी गरज भागत नाही. मग मेंढी अंगातली चरबी जाळू लागते. ते प्रमाणाबाहेर गेले की रक्तात किटोन साठतात, तिचे खाणे सुटते आणि ती दगावूही शकते. म्हणजे दोन कोकरांच्या लोभाने तिन्ही जीव जायचे! त्यातून निभावली, तर दुधाचा प्रश्न. दोघांना पुरेसे दूध नसले, की दुबळे कोकरू मागे पडते.

जनुक अंडी वाढवतो, गवत नाही. गावोगावची गायराने आक्रसली आहेत आणि विकतचा चारा लहान कळपवाल्याला परवडणे अवघड. म्हणून सगळा कळप जुळा देणारा करण्यापेक्षा, जेवढ्यांना शेवटच्या दीड महिन्यात ओंजळभर धान्य किंवा पेंड घालता येईल, तेवढ्याच मेंढ्या तशा ठेवणे मला शहाणपणाचे वाटते. पहिले काही दिवस कोकरांना वाड्यावरच ठेवावे लागते आणि ते काम बहुधा घरातल्या बायकांकडे येते. कळपात दोन-चार शेळ्या दिसतात त्या उगीच नव्हेत. आईचे दूध न पुरलेल्या कोकराला शेळीला लावतात आणि त्या दिवशी घरचा चहा बिनदुधाचा होतो.